मुंबईतली शासकीय कार्यालयं नाशिकला का हलत नाहीत? कायदा आडवा येतो की कर्मचारी?

दोन्ही. नाशिकच्या एका राज्यस्तरीय कार्यालयात मी आस्थापना शाखेत काम केलंय, तिथून जे दिसलं ते सांगतो.

मुख्यालयाचं गाव अधिनियमातच लिहिलेलं असेल, तर विधिमंडळात दुरुस्ती करण्यावाचून गत्यंतर नसतं. आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 च्या कायद्यानेच नाशिकला आलं. पण बरीच आयुक्तालयं, संचालनालयं शासन निर्णयाने हलू शकतात. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला आहेच. कृषी, सहकार, साखर पुण्यात आहेत.

खरी गाठ संवर्गाची, म्हणजे कर्मचारी ज्या गटात भरती होतो आणि पदोन्नती घेतो त्या गटाची. मंत्रालयातला लिपिक किंवा सहायक कक्ष अधिकारी मंत्रालयीन संवर्गात भरती झालेला असतो. त्याची ज्येष्ठता यादी तिथली, पदोन्नतीची साखळी तिथली. 2005 चा बदल्यांचा कायदा त्याला या विभागातून त्या विभागात फिरवतो, पण मुंबईतल्या मुंबईत. त्याचं पद नाशिकला आणून क्षेत्रीय (मंत्रालयाबाहेरच्या कार्यालयांच्या) संवर्गात घातलं, तर ज्येष्ठता कुणाच्या खाली लावायची? सेवाप्रवेश नियम बदला, विकल्प मागवा, सामान्य प्रशासन आणि वित्त विभागाची सहमती घ्या; एवढं करून ज्याची पदोन्नती मागे पडली तो मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाणारच. त्यात घरभाडे भत्त्याला मुंबई एक्स वर्गात, नाशिक वाय. सातव्या वेतन आयोगात सुरुवातच मूळ वेतनाच्या 24 आणि 16 टक्क्यांनी झाली. बायको मुंबई महापालिकेत, मुलगी दहावीला, आणि हातात येणारा पगार कमी. असा माणूस यायला नाखूश असेल तर त्याला कामचुकार म्हणणं अन्यायाचं आहे. मग पदं रिक्त राहतात आणि एकेका टेबलावर दोन-दोन कार्यभार येतात.

मला मात्र सगळ्यात जास्त खुपतं ते हे, की कार्यालय इथे येतं आणि अधिकार तिथेच राहतात. साधी पदनिर्मिती असली तरी प्रस्ताव मंत्रालयात. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसमध्ये मांडीवर फाइल घेऊन बसलेले कर्मचारी मी वर्षानुवर्षं पाहिलेत. तिकडे एक त्रुटी निघते, 'सुधारित प्रस्ताव सादर करावा' असा शेरा पडतो आणि संध्याकाळच्या पंचवटीने फाइल परत. तालुक्याहून काम घेऊन आलेल्या माणसाला मग आपण काय सांगायचं, 'फाइल मुंबईला आहे'?

म्हणून नाशिकला अमुक कार्यालय आणा असं निवेदन कुणी देणार असेल, तर त्यात एवढं जरूर मागा: किती रुपयांपर्यंतची मान्यता आणि कोणत्या गटापर्यंतच्या नेमणुका इथल्या अधिकाऱ्याच्या सहीने होतील, हे त्याच शासन निर्णयात लिहून द्या.