रिले वाढवू नका

प्रश्न : विहिरीवरची 5 एचपी थ्री-फेज मोटार, डीओएल (मोटार थेट लाइनवर सुरू करणारा) स्टार्टर. दहा मिनिटांत ट्रिप होते. रिले (करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा) 10 अँपिअरवर ठेवला तर चालेल का? – एक शेतकरी, निपाणी

उत्तर : नको! वाइंडिंग जळेल. रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरवरच ठेवा. 415 व्होल्टच्या 5 एचपीला ते साधारण 7.5 असतात. (स्टार-डेल्टा, म्हणजे मोटार दोन टप्प्यांत सुरू करणाऱ्या स्टार्टरमध्ये रिले बहुधा वाइंडिंगच्या फेजच्या वायरीत असतो, तिथे त्याच्या 58 टक्के, म्हणजे 4.3.) आता चालू मोटारीच्या तिन्ही वायरींवर एकेक करून टाँग टेस्टर (वायरीभोवती लावून करंट मोजायचा चिमटा) लावा. एकीवर शून्य आणि उरलेल्या दोन्हींवर जास्त, तर एक फेज गेलाय. मेन बंद करून, सप्लाय नाही याची लाइन टेस्टरने खात्री करून फ्यूज आणि कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोटार चालू-बंद करणारा स्विच) बघा: काळवंडलेला, खड्डे पडलेला पॉइंट किंवा ढिला स्क्रू हमखास सापडतो. पॉइंट घासत बसू नका, पॉइंटचं किटच बदला. तिन्ही सारखेच पण जास्त असतील, तर व्होल्टेज मोजा. तेही ठीक असेल तर मेन बंद करून पंप हाताने फिरवून बघा, बेअरिंग धरलंय का ते.