आधी मोजे, मग जॅकेट

मागच्या अंकात लष्कराच्या नव्या थंडीच्या कोटाबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इंदूर, महू, देवासहून पत्रं आली. माझी सगळी नोकरी ऑर्डनन्सच्या, म्हणजे लष्कराला सामान पुरवणाऱ्या खात्याच्या, कपडा-भांडारात गेली. बनियनपासून बुटाच्या नाडीपर्यंत जवानाच्या अंगावर जे चढतं, ते माझ्या हातून गेलेलं आहे. तेवढ्या आधारावर ही उत्तरं देतो.

मुलगा अग्निवीर आहे. सागरला महार रेजिमेंटच्या केंद्रात ट्रेनिंग झालं, आता पलटण लेहकडे जाणार म्हणतो. त्याला इथून एक भारीतलं जॅकेट घेऊन पाठवू का? सरकारी कपडे पुरतात का? फोनवर विचारलं की "सगळं मिळतं आई" एवढंच म्हणतो. — एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

ताई, जॅकेट घेऊ नका. ड्यूटीवर त्याला ते घालता येणार नाही, कारण तिथे सगळ्यांनी इश्यू झालेलेच कपडे घालायचे असतात. बाजारातलं जाड जॅकेट पेटीत पडून राहील.

थंडीचे कपडे एकावर एक थर असे घालतात. अंगाला लागून असतो तो थर घाम ओढून घेतो. मधला थर हवा धरून ठेवतो आणि खरी ऊब त्या अडकलेल्या हवेचीच असते. वरचा थर वारा आणि बर्फ अडवतो. जानेवारी 2025 मध्ये आलेला नवा डिजिटल प्रिंटचा कोट असाच तीन थरांचा आहे: वर छापील कोट, आत हलकं उबदार जॅकेट, त्याच्या आत थर्मल. त्याहून कडक थंडीसाठी डीआरडीओ या सरकारी संरक्षण-संशोधन संस्थेनं अधिक 15 पासून उणे 50 अंशांपर्यंत चालेल असा तीन थरांचा पोशाख तयार केला आणि डिसेंबर 2021 मध्ये त्याचं तंत्रज्ञान पाच भारतीय कंपन्यांना दिलं. हे कपडे आपण परदेशातून आणत आलो, म्हणून मला त्या बातमीचा फार आनंद झाला होता.

थर वेगळे असण्याचा फायदा असा, की चढ चढताना एक काढता येतो. थंडीत जवानाचा मोठा शत्रू घाम. चढताना अंग भिजलं आणि वर पोचून माणूस पहाऱ्याला उभा राहिला, की तोच ओलावा अंगातली ऊब भराभर बाहेर काढतो. म्हणून जुने हवालदार पोरांना सांगतात, निघताना थोडं गारठल्यासारखं वाटलं तरी चालेल, वर पोचल्यावर मग चढवा.

आता पायांचं सांगतो, कारण थंडीत आधी पायाची बोटं जातात. माझ्या भांडारात बूट देताना मी आधी जाड लोकरी मोजे घालायला लावायचो, मग बूट, मग नाड्या बांधून उतरणीवर चालायला सांगायचो. उतरताना बोटं पुढे टेकली तर तो नंबर परत. नवा पोरगा बहुधा लाजतो, "ठीक है साब" म्हणतो आणि घट्ट बूट घेऊन निघून जातो. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबले, की रक्त पुढे जात नाही, बोटं बधिर होतात आणि तिथून हिमदंश सुरू होतो. बुटात बोटं हलवता आली पाहिजेत. मोज्याला टाचेखाली सुरकुती नको, शिवण बोटांवर दाबायला नको. ओले मोजे काढून शर्टाच्या आत पोटाशी ठेवले, की अंगाच्या उबेनं वाळतात. हे सगळं त्याला ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं असतं, तरी फोनवर तुम्ही एकदा विचाराच: "बूट कसे बसतात रे? बोटं हलतात का?" आईनं विचारलं तर तो खरं सांगेल.

सरकारी कपडे पुरतात का, याचंही सरळ उत्तर देतो. 1962 साली आपले जवान सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत हिमालयात लढले. 13 एप्रिल 1984 ला तेव्हाचे कॅप्टन संजय कुलकर्णी यांची तुकडी सियाचिनच्या बिलाफोंड ला खिंडीत उतरली, तेव्हाही परदेशी कपडे अगदी आयत्या वेळी हाती आले होते आणि पहिल्याच दिवसांत कितीतरी जवान हिमदंशानं जायबंदी झाले. अलीकडचं म्हणाल तर फेब्रुवारी 2020 मध्ये संसदेत आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात उंचावरच्या जवानांचे बर्फाचे चष्मे आणि बूट कमी पडल्याची नोंद आहे. नोव्हेंबर 2015 ते सप्टेंबर 2016 या काळात बहुउपयोगी बूट इश्यूच झाले नाहीत, जुनेच दुरुस्त करून वापरावे लागले. हे वाचून मला झोप लागली नव्हती. आज परिस्थिती 1962 ची मुळीच नाही आणि तुमचा मुलगा उघड्यावर पडणार नाही. पण असे अहवाल आपण नागरिकांनी वाचले पाहिजेत आणि निवडून दिलेल्या माणसाला त्यावर प्रश्न विचारले पाहिजेत.

पाठवायचंच असेल तर लोकरीचे साधे मोजे आणि ओठांना लावायचं मलम पाठवा. मोजे पायाच्या मापाचेच घ्या, नायलॉनचे नकोत.

माझं शिलाईचं दुकान आहे. नव्या चौकड्याच्या मिलिटरी ड्रेसचा फोटो घेऊन गिऱ्हाईकं येतात. कोणी सिक्युरिटी एजन्सीसाठी मागतो, कोणी मुलाच्या फॅन्सी ड्रेससाठी. तसलं कापडही विकायला येतं. शिवावं का? — एक टेलर, महू

मास्टर, एजन्सीला स्पष्ट नाही म्हणा. हा ड्रेस दिल्लीच्या निफ्ट या फॅशन-शिक्षण संस्थेनं तयार केला आणि 15 जानेवारी 2022 च्या सेना दिनाच्या संचलनात तो पहिल्यांदा दिसला. त्याच वर्षी त्या नक्षीची आणि कपड्याच्या रचनेची सरकारी नोंदणी झाली, सुरुवातीला 10 वर्षांसाठी, पुढे 5 वर्षं वाढवता येईल अशी. थंडीच्या कोटाचीही तशीच नोंदणी झाली आहे. म्हणजे खुल्या बाजारात ते कापड विकणं आणि त्याचा ड्रेस शिवणं, दोन्ही लष्कराच्या हक्कावर घाला आहे. शिवाय आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूनं लष्करी पोशाख घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे. 2016 साली पठाणकोटच्या हवाई तळावर आलेले दहशतवादी लष्करी कपड्यांतच होते. महूत रस्त्यानं जाणारा दुसरा माणूस वर्दीतला असतो, तेव्हा तुमच्या दुकानातून बाहेर पडलेला एक ड्रेस कुठे पोचेल, हे तुम्हाला मी काय सांगावं.

लहान मुलाच्या फॅन्सी ड्रेसमध्ये तो हेतू नसतो, पण त्यालाही साधा हिरवा सदरा शिवून द्या. गिऱ्हाईक जवान असेल तर ओळखपत्र पाहा आणि युनिटची परवानगी विचारा. निफ्टच्या शिक्षकांकडून लष्करी आणि नागरी शिंप्यांसाठी या ड्रेसच्या शिलाईचे वर्गही घेतले गेले. तुम्हाला रीतसर काम हवं असेल तर कॅन्टोन्मेंटमधल्या युनिटकडे चौकशी करा. शिलाई सोपी नाही: पाठीला चुण्या, बाहीवर पेनाचा खिसा, पँटला दुहेरी थर. हात बसलेल्या कारागिराचंच ते काम आहे.

नव्या ड्रेसवर चौकोनी ठिपके का असतात? — एक विद्यार्थी, राजेंद्र नगर, इंदूर

डोळा आधी बाह्यरेषा शोधतो: खांदा, डोकं, हात. मोठे धब्बे लांबून ती रेषा तोडतात, बारीक ठिपके जवळून तोडतात. चौकोनी ठिपक्यांच्या नक्षीत दोन्ही एकत्र बसवता येतात. कॅनडानं 1990 च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत आणली, मग अमेरिकी मरीन्सनी घेतली. पण नुसत्या चौकोनांनी काही होत नाही. अमेरिकी लष्करानं सगळ्या प्रदेशांसाठी म्हणून एकच करडी-हिरवी नक्षी काढली, ती अफगाणिस्तानात उठून दिसू लागली आणि शेवटी टाकून द्यावी लागली. रंग जमिनीचा हवा. आपल्या नक्षीत म्हणूनच ऑलिव्ह आणि मातीचे रंग मिसळलेत. पावसाळा संपला की रालामंडलच्या अभयारण्यात जा आणि मित्राला झुडपांत उभा करून निरनिराळ्या रंगांचे शर्ट लांबून पाहा. कुठला रंग आधी लपतो ते स्वतः लिहून काढ. आणि एक: असल्या कपड्याला स्टार्च आणि चमक आणणारी पावडर लावायची नसते. त्यानं रंग उजळतो आणि रात्रीच्या दुर्बिणीत माणूस दिसू लागतो. जुन्या ऑलिव्ह ग्रीनला कडक इस्त्री करून मिरवायची सवय होती, ती इथे सोडावी लागते.

आमच्या गणेश मंडळानं सीमेवरच्या जवानांसाठी जुने स्वेटर, ब्लँकेट गोळा करायचं ठरवलंय. कुठे पाठवावेत? — मंडळाचे कार्यकर्ते, रामबाग, इंदूर

जवानांना पाठवू नका. वापरलेले कपडे पलटणीत घेत नाहीत. स्वेटर-ब्लँकेट एमवाय हॉस्पिटलबाहेर थंडीत झोपणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना वाटा, तिथे फार गरज असते. जवानांसाठी वर्गणी काढा आणि 7 डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निधीत जमा करा. 1949 पासून हा दिवस पाळला जातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पैसे भरून पावती घ्या आणि ती मंडपात लावा. शहीद कुटुंबांना, जायबंदी जवानांना त्यातून मदत मिळते.

मी लष्करी अधिकारी होण्यासाठीच्या सीडीएस परीक्षेची तयारी करते. बुलेटप्रूफ जॅकेट मुलींना जड होत नाही का? नवा ड्रेस आमच्या मापाचा असतो का? — एक वाचक, देवास

जड सगळ्यांनाच होतं. पुढच्या-मागच्या कडक प्लेटांत सिरॅमिक असतं, ते गोळी फोडतं, आणि त्यामागचा पॉलिमरचा थर तुकडे अडवतो. संरक्षण वाढवायचं म्हणजे वजन वाढतं, ही ओढाताण कायमची आहे. सप्टेंबर 2024 मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीनं 'अभेद' नावाची जॅकेटं जाहीर केली. त्यांचं किमान वजन संरक्षणाच्या दर्जानुसार 8.2 आणि 9.5 किलो आहे. वरून रायफल, काडतुसं, पाणी, पिठ्ठू म्हणजे पाठीवरची पिशवी. म्हणून धावण्याबरोबर पाठ आणि पोटाचे व्यायाम आतापासून कर.

ड्रेसमध्ये मुलींसाठी वेगळे बदल केलेले आहेत आणि ते फार आधी व्हायला हवे होते. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे 2025 मध्ये बाहेर पडली, म्हणजे पुढे भांडारात तुमची संख्या वाढणारच. जॅकेट घेताना एवढं पाहा: खाली बसलीस तर प्लेट हनुवटीला लागते का, रायफल खांद्याला लावली तर दस्ता सरकतो का. लागत असेल, सरकत असेल, तर तिथल्या तिथे दुसरं माप मागून घे आणि ते मिळेपर्यंत रजिस्टरवर सही करू नकोस.