साइडलाइनवरून : क्वीनवरचे पैसे वाया गेले का?

अमेरिकन फुटबॉलविषयी वाचकांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये विचारलेल्या प्रश्नांना तेव्हा दिलेली उत्तरं. लेखिका पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या एका हायस्कूल संघाच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या) आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही पिट्सबर्गजवळ राहतो, घरात सगळे स्टीलर्सवाले, म्हणजे पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघाचे चाहते. मार्च २०२४ मध्ये संघाने बॉल्टिमोर रेव्हन्सचा लाइनबॅकर (बचावातल्या पुढच्या फळीमागे उभा राहणारा) पॅट्रिक क्वीन याला तीन वर्षांसाठी ४ कोटी १० लाख डॉलरना घेतलं. पाच सामने झाले, पण मला तो मैदानावर कुठे जाणवतच नाही. त्यात अ‍ॅलेक्स हायस्मिथ जांघेच्या दुखण्याने बाहेर, आणि आता निक हर्बिगची हॅमस्ट्रिंग (मांडीचा मागचा स्नायू) गेली. परवा रविवारी डॅलसने आपल्याच मैदानात २०-१७ असं हरवलं. ऑफिसात जो तो म्हणतो, पैसे पाण्यात गेले. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : पाच सामन्यांवरून मी कुठल्याही लाइनबॅकरचा निकाल लावणार नाही, आणि क्वीनचा तर नाहीच. तुमच्या पत्रातच त्याचं कारण आहे. तुम्ही क्वीनबद्दल तक्रार केलीत आणि पुढच्याच वाक्यात हायस्मिथ आणि हर्बिगची नावं घेतलीत. या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

स्टीलर्सच्या ३-४ रचनेत क्वीन आतला लाइनबॅकर आहे. त्याच्या पुढे तीन धिप्पाड लाइनमन असतात आणि दोन्ही टोकांना एकेक एज रशर, म्हणजे टोकावरून क्वार्टरबॅकवर (पास टाकणाऱ्यावर) तुटून पडणारा. एका टोकाला टी. जे. वॉट. दुसरं टोक हायस्मिथचं. चार्जर्सविरुद्धच्या सामन्यात तो दुखावला तेव्हा ती जागा हर्बिगकडे गेली आणि डॅलसविरुद्ध हर्बिगही गेला. टोकावरच्या माणसाचं पहिलं काम असतं बाहेरची वाट बंद करायची. तो खमका असला की बॉल घेऊन पळणाऱ्याला आत वळावंच लागतं आणि आत क्वीन उभा असतो. त्या जागी तिसऱ्या पसंतीचा खेळाडू आला की तो अर्धं पाऊल आत ढकलला जातो, वाट उघडते, आणि क्वीनला समोर दोन यार्डांवर गाठायचा गडी तिरकं धावत जाऊन सहा यार्डांवर गाठावा लागतो. आकड्यांच्या तक्त्यात दोन्ही ठिकाणी एकच टॅकल, म्हणजे गडी अडवून पाडल्याची नोंद, लिहिला जातो. घरी टीव्हीवर मात्र दुसऱ्या वेळी वाटतं की हा उशिरा पोचला.

पासच्या वेळीही तेच. दोन्ही टोकांकडून दाब आला तर क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंदांत बॉल सोडावा लागतो. एकाच टोकाकडून आला तर तो दुसरीकडे सरकतो आणि त्याला आणखी एक सेकंद मिळतो. तेवढा वेळ टाइट एंडच्या (पास झेलणाऱ्या धिप्पाड गड्याच्या) मागे धावायचं म्हणजे लाइनबॅकरसाठी फार मोठी शिक्षा आहे. डॅलसचा शेवटचा टचडाऊन आठवा. चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, चार यार्ड बाकी, घड्याळात जेमतेम वीस-पंचवीस सेकंद, आणि त्यांचा क्वार्टरबॅक प्रेस्कॉटने टॉलबर्टला पास दिला. विजेच्या कडकडाटामुळे सामनाच दीड तास उशिरा सुरू झाला होता; मध्यरात्र उलटून गेली होती आणि बचावातले सगळेच थकले होते. त्या एका खेळीचं खापर क्वीनवर फोडणं मला मान्य नाही.

आता क्वीनचं स्वतःचं बघू. २०२० साली रेव्हन्सनी त्याला ड्राफ्टच्या (कॉलेजमधले खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या) पहिल्या फेरीत, २८व्या क्रमांकावर निवडलं. सुरुवातीची वर्षं तो वेगाच्या जोरावर खेळला. पाय झपाट्याने निघायचे, पण पुष्कळदा चुकीच्या दिशेने. मग ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीला शिकागोहून लाइनबॅकर रोक्वान स्मिथ आला आणि क्वीनचा खेळ पालटला. स्मिथ समोरची मांडणी वाचायचा, हाका द्यायचा, शेजाऱ्यांना जागेवर आणायचा. क्वीनला फक्त समोरच्या लाइनमनमधल्या स्वतःच्या फटीवर लक्ष ठेवून तुटून पडायचं होतं. त्यातच मे २०२३ मध्ये रेव्हन्सनी त्याच्या करारातलं पाचवं वर्ष नाकारलं, आणि नेमक्या त्याच मोसमात तो ऑल-प्रोच्या दुसऱ्या संघात आणि प्रो बोलमध्ये आला (हे दोन्ही मोसमातल्या उत्कृष्ट खेळाडूंचे मान). असा खेळाडू करार संपून मुक्त झाला की त्याला मागणी येणारच.

पण पिट्सबर्गमध्ये रोक्वान स्मिथ नाही. इथे हाका द्यायचं ओझं क्वीनवर आलंय, तेही नव्या शब्दांत, नव्या शेजाऱ्यांबरोबर. बचावातल्या एकाच खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, मागे हिरवा ठिपका असतो तोच. प्रशिक्षकाचा आवाज प्ले क्लॉकवर (खेळी सुरू करायची मुदत दाखवणाऱ्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की बंद होतो. त्यानंतर क्वार्टरबॅकने मांडणी बदलली तर ती ओळखून दहा जणांपर्यंत पोचवायची, आणि मग स्वतःचं काम करायचं. मला काळजी वाटते ती याच गोष्टीची, त्याच्या टॅकलच्या आकड्यांची नाही. पाच सामन्यांत तो मला एक क्षण थबकलेला दिसतो. बॉल्टिमोरात शेवटी शेवटी तो थबकत नव्हता. हे थबकणं नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत गेलं नाही, तर तुमच्या ऑफिसातल्या मंडळींच्या बोलण्यात तथ्य आहे असं मी म्हणेन. तोपर्यंत नाही.

पुढच्या सामन्यात एक करून बघा. स्नॅपच्या क्षणी, म्हणजे बॉल मागे देऊन खेळी सुरू होते तेव्हा, बॉलकडे बघूच नका, फक्त ६ नंबरकडे, क्वीनकडे बघा. त्याचं पहिलं पाऊल कुठे पडतं? क्वार्टरबॅकने बॉल दिल्याचं नुसतं नाटक केलं तरी तो पुढे झेपावतो का? समोरून गार्ड (समोरच्या संघाचा आतला लाइनमन) चालून आला तर तो छातीला छाती भिडवून अडकून पडतो, की हात आधी लावून, त्याला रोखून, बाजूला सारतो? गार्ड साधारण दीडशे किलोचा, क्वीन त्याच्यापेक्षा चाळीसेक किलोंनी हलका. ताकदीने हे जमत नाही, हाताच्या वेळेने जमतं. दहा-बारा स्नॅप असे बघितलेत तर महिनाभराच्या चर्चेपेक्षा जास्त कळेल.

आणखी एक सांगायचंय, कारण नुसता करार बघून ते कळत नाही. ही आतल्या लाइनबॅकरची जागा स्टीलर्सना किती वर्षं सलतेय! ४ डिसेंबर २०१७ ला सिनसिनाटीत रायन शझिअरच्या मणक्याला मार बसला. ती रात्र माझ्या पेशातला कुणीच विसरणार नाही. सहा आठवड्यांनी जॅक्सनव्हिलने पिट्सबर्गमध्येच ४५ गुण चढवले आणि मोसम संपला. मग २०१९ मध्ये ड्राफ्टमध्ये २०व्या क्रमांकावरून १०व्यावर चढून डेव्हिन बुशला घेतलं; ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचा एसीएल (गुडघ्यातला महत्त्वाचा अस्थिबंध) तुटला. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेनेसीविरुद्ध कोल होलकॉम्बचा गुडघा गेला आणि पुढच्याच सामन्यात, ग्रीन बेविरुद्ध, क्वॉन अलेक्झांडरचा अकिलीस (टाचेमागचा स्नायूबंध). मग निवृत्त झालेल्या माइल्स जॅकला परत बोलवायची वेळ आली. होलकॉम्ब ऑक्टोबर २०२४ पर्यंत मैदानात परतलेला नव्हता. क्वीनला दिलेल्या पैशांमागे हे सगळं आहे. संघाने धडधाकट, २४ वर्षांचा आणि फारसे सामने न चुकवणारा माणूस विकत घेतला. लाइनबॅकरच्या जागेवर रोज हजर असणं हाही एक गुण आहे आणि त्याला किंमत पडते.

प्रश्न : हर्बिग आणि हायस्मिथ कधी परततील? बातम्यांत कधी "क्वेश्चनेबल" म्हणतात, कधी "आउट". यातून नेमकं काय समजायचं?

उत्तर : तारीख मी सांगणार नाही, पण दुखापतींची यादी कशी वाचायची ते सांगते. रविवारचा सामना असेल तर बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार असे तीन दिवस संघाला कळवावं लागतं की कुणी पूर्ण सराव केला, कुणी थोडा आणि कुणी केलाच नाही. शुक्रवारी शिक्का बसतो. "आउट" म्हणजे नाहीच. "डाउटफुल" म्हणजे जवळजवळ नाही. "क्वेश्चनेबल" म्हणजे काहीही होऊ शकतं. पूर्वी "प्रॉबेबल" असायचं, ते २०१६ पासून काढून टाकलंय. माझा भर शिक्क्यापेक्षा सरावाच्या क्रमावर असतो. बुधवारी नाही, गुरुवारी थोडा, शुक्रवारी पूर्ण, असा चढता क्रम असेल तर गडी बहुधा खेळतो. बुधवारी पूर्ण आणि शुक्रवारी नाही, असं दिसलं की समजावं, दुखणं पुन्हा उठलंय. इंज्युर्ड रिझर्व्हवर (दुखापतग्रस्तांच्या राखीव यादीत) टाकलं तर मात्र किमान चार सामने गेले.

दोघांची दुखणी सारखी वाटतात, पण तशी नाहीत. एज रशर समोरच्या टॅकलला (इथे टॅकल म्हणजे क्वार्टरबॅकचं टोक राखणारा लाइनमन) वळसा घालताना इतका कलतो की आतला हात गवताला टेकेल. त्या क्षणी सगळा भार जांघेच्या आतल्या स्नायूवर येतो. हायस्मिथचा खेळच त्या वळणावर उभा आहे. सरळ पळता येतंय म्हणून तो तयार झाला असं होत नाही. त्याने वळसा घालून दाखवला पाहिजे. हॅमस्ट्रिंग बहुतेक वेळा पूर्ण वेगात फाटते, पाय पुढे फेकल्यावर तो जमिनीकडे येता येता. दुखणं आठवड्याभरात ओसरतं आणि सगळा घोटाळा तिथेच होतो, कारण स्नायूची ताकद तेवढ्यात परतलेली नसते. हर्बिग लवकर आला तर मला आनंदापेक्षा धास्ती जास्त वाटेल.

चांगला खेळाडू नसला की काय होतं ते २०२२ मध्ये दिसलंच होतं. पहिल्याच सामन्यात वॉटचा छातीचा स्नायू फाटला. तो नव्हता त्या सात सामन्यांत स्टीलर्स एकच जिंकले.

प्रश्न : नवखा पेटन विल्सन याच्या एका गुडघ्यात एसीएलच नाही असं वाचलं. हे शक्य आहे का? मग बाकीचे वर्षभर बाहेर का बसतात?

उत्तर : ड्राफ्टच्या वेळी त्याच्याबद्दल तशा बातम्या आल्या होत्या, आणि २०२३ चा बटकस पुरस्कार (कॉलेजमधल्या सर्वोत्तम लाइनबॅकरचा) मिळवलेला हा लाइनबॅकर तिसऱ्या फेरीत ९८व्या क्रमांकापर्यंत घसरला तो मुख्यतः गुडघ्यांच्या इतिहासामुळेच. आणि हो, हे शक्य आहे. स्टीलर्सचाच हाइन्स वॉर्ड एका गुडघ्यात एसीएल नसताना वर्षानुवर्षं खेळला आणि २००६ च्या फेब्रुवारीत झालेल्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

एसीएलचं काम नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि गुडघा पिळू न देणं. काही जणांचे मांडीचे मागचे स्नायू इतके सावध आणि बळकट असतात की ते हे काम बरंचसं उचलतात. पण अशी माणसं थोडी. बाकीच्यांचा गुडघा वळताना निसटतो आणि प्रत्येक निसटण्यागणिक आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, झिजते, फाटते. म्हणूनच शस्त्रक्रिया आणि नऊ महिने ते वर्षभराची वाट. विल्सनला खेळताना बघून मला मनापासून आनंद होतो. त्याचं उदाहरण मात्र कुणी आपल्या मुलासमोर ठेवू नये.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या संघात लाइनबॅकर. दहा दिवसांपूर्वी हॅमस्ट्रिंग ओढली गेली. आता दुखत नाही म्हणतो, शुक्रवारी खेळायचंय म्हणतो. कोच म्हणतात, तुम्ही ठरवा. काय करू?

उत्तर : ताई, आधी शाळेच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरला गाठा. हा निर्णय तुमच्या एकटीच्या डोक्यावर असूच नये.

मी काय तपासते ते सांगते, म्हणजे काय विचारायचं ते कळेल. मुलाला पालथं झोपवते, गुडघा थोडा वाकवते, टाचेला हात लावते आणि सांगते, टाच स्वतःकडे ओढ. आधी चांगला पाय, मग दुखरा. दुखतंय का हे मी नंतर विचारते. आधी माझ्या हाताला काय जाणवतं ते बघते. दुखरा पाय पहिल्या दोन सेकंदांत बरोबरीने ओढतो आणि मग थरथरून सैल पडतो, असं फार वेळा होतं. मुलाला स्वतःला ते कळतही नाही. त्यानंतर पळवते : आधी निम्म्या वेगाने, दुसऱ्या दिवशी त्याहून जोरात, आणि शेवटी पूर्ण वेगात पळताना शिट्टी वाजली की थांबायचं. पळणं सगळ्यांना जमतं. शिट्टीवर थांबताना जो दुखऱ्या पायावर भार टाकायचं टाळतो, त्याला मी सोडत नाही. लाइनबॅकरला तर मागे पळत जाऊन एकदम वळावंही लागतं, तेही करून घ्यावं.

हे सगळं झालं, दोन्ही पाय सारखे निघाले आणि सरावात एक पूर्ण दिवस निभावला, तर शुक्रवारी खेळू द्या. यातलं काही राहिलं असेल तर एक सामना सोडा. पुन्हा फाटली तर मोसमातले तीन-चार सामने जातील, आणि अकरावीच्या मुलाला ते फार लागतं. त्याला घरी बसवू नका, जर्सी घालून साइडलाइनवर उभं करा आणि जागेवर खेळणाऱ्या मुलाला हाका द्यायला लावा. समोरची मांडणी वाचायला त्याला तिथे मिळेल तेवढा वेळ मैदानात कधीच मिळणार नाही.