अंगठा आपोआप सुटतो, पण कुठल्या वयापर्यंत?

"मॅडम, एक म्हणतो सुटेल, दुसरा म्हणतो दात गेलेच समजा. खरं कोणाचं धरू?"

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून जानेवारीत आलेल्या आईचा हा प्रश्न. मुलगी साडेपाच वर्षांची. तिला इथे चिमी म्हणू. ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदलले आहेत. सोबत आजी होती आणि तिच्या मांडीवर दीड वर्षाचा धाकटा.

मुलगी अंगठा चोखते हे गाऱ्हाणं चार ठिकाणी सांगून झालं होतं. अंगणवाडीत ऐकलं, "लहान आहे अजून." तापासाठी नेलं तिथले डॉक्टर म्हणाले, "शाळेत गेली की सुटेल." औषधाच्या दुकानातून अंगठ्याला लावायचं कडू औषध मिळालं. दातांच्या दवाखान्यात सांगितलं, "तार बसवावी लागेल." आजीचं म्हणणं पहिल्यापासून एकच, "आपोआप सुटी जाई."

यातलं कोणी खोटं बोललं नाही. पण वय किती, अंगठा दिवसभरात किती तास तोंडात असतो आणि दाढा मिटल्यावर पुढे फट राहते का, हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी कोणी विचारले नाहीत. ते विचारल्याशिवाय दिलेला कुठलाही सल्ला अर्धाच राहतो, आणि अर्ध्या सल्ल्यावर आईची दोन वर्षं गेली याचं वाईट वाटतं.

पोटातलं बाळही अंगठा चोखतं. तान्ह्या मुलाला त्याने शांत वाटतं, झोप लागते. बहुतेक मुलं २ ते ४ वर्षांच्या दरम्यान स्वतःच सोडतात. त्यामुळे आजीचं म्हणणं त्या वयापुरतं बरोबर. बालदंततज्ज्ञ मात्र सवय ३ वर्षांच्या सुमारास सुटावी असं सांगतात, आणि ४ वर्षांनंतरही जोरात चालू असेल तर नुसती वाट पाहू नये. कायमचे पुढचे दात ६-७ वर्षांच्या सुमारास येतात. त्याआधी सवय सुटली, तर दुधाच्या दातांमधली पुढची फट पुष्कळदा आपली आपण भरून येते. चिमीच्या हातात जेमतेम वर्ष होतं.

तिला दाढा मिटून "ई" म्हणायला सांगितलं. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधून जीभ दिसली. दंतवैद्यांनी मोजली तेव्हा फट ४ मिलिमीटर भरली. वरचे दात पुढे झुकलेले, खालचे आत, आणि उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आतल्या बाजूला बसत होत्या. अंगठा वरच्या दातांना बाहेर रेटतो, खालच्यांना आत दाबतो आणि जिभेला खाली ढकलतो. जीभ टाळूला टेकत नाही, बाहेरून गाल दाबतात, म्हणून वरचा जबडा अरुंद होतो. घास चावताना जोर कितीतरी जास्त लागतो, पण तो क्षणभराचा. दात हलवतो तो हलका, पण तासन् तास राहणारा दाब. दिवसाला साधारण ६ तास अंगठा तोंडात असेल तर दात सरकतात, असा दंतशास्त्राचा अंदाज आहे. पुढची फट जिभेच्या सवयीने किंवा जबड्याच्या वाढीमुळेही पडते. घोरणं, तोंडाने श्वास घेणं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवावं. सगळं अंगठ्यावर ढकलू नये.

घरचे उपाय करून झाले होते. मिरचीचं बोट डोळ्यात गेलं आणि पोरगी तासभर रडली. कडुलिंबाचा रस ती पुसून टाकायला शिकली. ओरडलं की गोधडीत तोंड घालून चोखायची. चोखणं हा तिचा दिलासा होता. दिलासा हिसकावला की मूल घाबरतं, आणि घाबरलं की पुन्हा तिकडेच जातं. धाकटा झाल्यावर सवय वाढली होती. त्यात कपाशीची वेचणी सुरू झाली की आई सकाळीच शेतात.

उपायाआधी सात दिवस नुसती नोंद ठेवायला सांगितली, न रागावता. कधी, कुठे, किती मिनिटं. रात्री झोप लागल्यावर तासाभराने आणि पहाटे पाचला एकदा बघायचं. नोंदीत दिसलं ते असं: दुपारी टीव्हीसमोर जवळपास दीड तास, आई शेतात निघाली की अर्धा तास, आणि रात्री झोप लागल्यावरही अंगठा बराच वेळ तोंडातच. अंगठ्यावर घट्टा पडला होता आणि तो बाकीच्या बोटांपेक्षा स्वच्छ, सुरकुतलेला होता. नोंद नसली तरी हा अंगठाच पुष्कळ सांगतो.

मग चिमीशी थेट बोलणं झालं. आरशात तिलाच फट दाखवली आणि विचारलं, "सोडायचाय का तुला?" तिने मान हलवल्यावरच पुढे गेलो. मुलाची तयारी नसेल तर महिनाभर थांबलेलं बरं. जबरदस्तीने सुरू केलेलं आठवडाभरात मोडतं.

दिवसाची वेळ आधी हाती घेतली. टीव्हीसमोर दोन्ही हातांना काम हवं. आजी घरच्या कापसाच्या वाती वळायची, चिमीला शेजारी बसवलं. वात वळायला अंगठा लागतोच. आई निघताना दहा मिनिटं फक्त तिची. तोंडात अंगठा दिसला तर ओरडायचं नाही, हातात काहीतरी द्यायचं. तीन आठवड्यांत दिवसाचं चोखणं जवळजवळ थांबलं.

रात्रीसाठी ३ इंची क्रेप बँडेज. हात सैल आणि सरळ ठेवून दंडाच्या मध्यापासून मनगटाच्या चार बोटं अलीकडेपर्यंत गुंडाळायचं. खालून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कोपर वाकला की पट्टी ताणते आणि झोपेतही अंगठा बाहेर येतो. बोटं गार पडली, निळसर झाली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडायचं. आजीने पहिल्या रात्री घट्ट बांधलं, म्हणून दुसऱ्या दिवशी तिलाच परत शिकवलं. बांधायचं चिमीने स्वतः मागून. शिक्षा म्हणून कधीच नाही.

कॅलेंडरवर कोरड्या, म्हणजे अंगठा न चोखलेल्या रात्रीला एक टिकली. आमच्याकडून एक चूक झाली: बक्षीस ठरलं वैशाखातल्या सखाराम महाराजांच्या यात्रेत बांगड्या घेण्याचं. साडेपाच वर्षांच्या मुलीला चार महिने फार लांब. दुसऱ्याच आठवड्यात तिचा उत्साह गेला. मग दर पाच टिकल्यांना एक छोटी वस्तू ठेवली आणि बांगड्या शेवटासाठी. मार्चमध्ये तापात चार रात्री सवय परत आली. ते होतंच. जुन्या टिकल्या पुसल्या नाहीत, पुढे मोजत राहिलो.

यात्रेआधी सलग सहा आठवडे कोरडे गेले. जूनमध्ये फट ४ वरून दीड मिलिमीटरवर आली होती. उजवीकडच्या दाढांचं मात्र जमलं नाही. अरुंद जबडा बहुधा आपोआप रुंदावत नाही. त्यासाठी जबडा रुंदावणारं साधन लावावं लागेल असं दंतवैद्यांनी सांगितलं. सवयीसाठीची तार टळली. ती वरच्या दाढांना पट्ट्या लावून टाळूमागे बसवतात, साधारण सहा महिने ठेवतात आणि पहिले काही दिवस बोलणं-खाणं अवघड जातं. मूल तयार असूनही सवय सुटत नसेल तेव्हा ती खरोखर उपयोगी पडते.

आरोग्यसेविकांना हे सगळं करायला सांगत नाही. १६ ते २४ महिन्यांच्या बूस्टर लसीला, ५-६ वर्षांच्या डीपीटी लसीला मूल समोर येतंच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतं. तिथे "अंगठा चोखतो का, दिवसाला किती वेळ?" एवढं विचारून "ई" म्हणायला लावलं की अर्ध्या मिनिटात कळतं कोणाला पाठवायचं.

जानेवारीत निघताना आजीने धाकट्याकडे बोट दाखवलं होतं. तोही दोन बोटं चोखत होता. "याचं काय?" दीड वर्षाच्या मुलासाठी आत्ता काहीच करायचं नाही. हात स्वच्छ ठेवायचे, मध किंवा गूळ बोटाला लावायचा नाही, आणि तिसऱ्या वाढदिवसाला परत बघायचं.