लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून काम केलं तर बॅटरी लवकर खराब होते का?

तुम्ही विचारलंय की घरून काम करताना लॅपटॉप सकाळपासून संध्याकाळपर्यंत चार्जरलाच असतो, त्याने बॅटरी खराब होते का, ती काढून ठेवावी का, आणि बर्डीतल्या दुकानदाराने ‘रोज पुरी उतरू द्या, मग लावा’ असं सांगितलंय ते ऐकावं का. ते ऐकू नका. चार्जर खुशाल लावून ठेवा, बॅटरी काढू नका, फक्त चार्ज शंभरपर्यंत चढू देऊ नका. एवढ्यावर उत्तर संपलं असतं, पण तुम्ही जाता जाता लिहिलंय की घर वरच्या मजल्यावर आहे आणि टेबल पश्चिमेच्या खिडकीला लागून आहे. नागपुरात राहून ही गोष्ट जाता जाता लिहायची नसते, बाप्पा! तुमच्या बॅटरीचं निम्मं दुखणं तिथेच आहे.

मी इथल्याच एका ऑफिसचे लॅपटॉप सांभाळतो. बॅटरीच्या तक्रारी वर्षभर येतात, पण मे-जूनमध्ये त्यांची रांग लागते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चार्जरची भीती काढून टाकू. ‘ओव्हरचार्ज’ हा शब्द लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय, पण आजच्या लॅपटॉपमध्ये बॅटरी भरली की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. त्यानंतर अ‍ॅडॅप्टरमधून येणारी वीज थेट मशीन चालवते आणि बॅटरी बाजूला नुसती बसून असते. तिचा चार्ज आपोआप दोन-चार टक्के उतरला की पुन्हा थोडी भरली जाते. कधी कधी ‘९७ टक्के, प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असं दिसतं आणि माणूस घाबरून चार्जर बदलायला निघतो. तो बिघाड नाही, ते सर्किट आपलं काम नीट करतंय एवढाच त्याचा अर्थ.

मग बॅटरी मरते कशाने? लिथियम-आयन सेल दोन प्रकारे म्हातारा होतो. एक वापराने, म्हणजे चार्ज होणं आणि उतरणं यांच्या फेऱ्यांनी. दुसरा नुसत्या काळाने, कपाटात पडून राहिला तरी. तुम्ही सतत विजेवर काम करता म्हणजे पहिला प्रकार जवळजवळ बंद आहे, आणि ते चांगलंच आहे. प्रश्न दुसऱ्याचा आहे. पूर्ण भरलेल्या सेलचं व्होल्टेज साधारण ४.२ असतं, काही नव्या सेलमध्ये त्याहून थोडं जास्त. इतक्या दाबाखाली आतल्या रासायनिक द्रवाची हळूहळू नासाडी होते, आणि ग्रॅफाइटच्या बाजूला जो पातळ थर असतो तो जाड होत जातो. त्या थरात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. उष्णता वाढली की हे सगळं जास्त वेगाने घडतं.

बॅटरीवाले लोक एक तक्ता नेहमी दाखवतात. वर्षभर नुसत्या ठेवलेल्या लिथियम-आयन सेलची किती क्षमता उरते, याचा. २५ अंश तापमानात आणि ४० टक्के चार्जवर ठेवला तर सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते, आणि त्याच तापमानात पूर्ण भरून ठेवला तर ८०. तापमान ४० अंश केलं तर ४० टक्के चार्जवाला ८५ वर येतो आणि पूर्ण भरलेला ६५ वर. आकडे ढोबळ आहेत, नवे सेल यापेक्षा बरे निघतात, पण दिशा बदलत नाही. नुसतं पूर्ण भरलेलं असणं वाईट, नुसती उष्णताही वाईट, आणि दोन्ही एकत्र आले की एका वर्षात बॅटरीचा तिसरा हिस्सा गेला समजा. पश्चिमेच्या खिडकीत शंभर टक्क्यांवर बसलेला लॅपटॉप म्हणजे नेमकं हेच एकत्र येणं.

आता नागपूरचा उन्हाळा. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. (२०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवून अख्ख्या देशात आपलं नाव केलं होतं, पण ती सेन्सरची चूक होती असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. तेवढं होण्याची गरजही नाही.) मॅकबुकसाठी कंपनी वापराची मर्यादा म्हणून ३५ अंशांपर्यंतचं खोलीचं तापमान सांगते, आणि बाकीच्या कंपन्यांचे आकडेही बहुतेक ३५ ते ४० च्या आसपासच असतात. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, वरच्या मजल्यावरच्या खोलीत कूलर बंद असेल तर हा आकडा सकाळी दहालाच मागे पडतो. त्यावर मशीनची स्वतःची उष्णता आलीच. बॅटरी कीबोर्डच्या खाली, हात टेकतो त्या भागात असते, आणि तिथला सेल खोलीपेक्षा बराच जास्त तापलेला असतो.

त्यामुळे पहिलं काम फुकटचं आहे: टेबल हलवा. आतल्या भिंतीशी, उन्हापासून आणि शक्यतो दुपारनंतर तापणाऱ्या भिंतीपासून दूर. स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत असतो, तेव्हा काम संपल्यावर लॅपटॉप त्याच खोलीत भरलेल्या अवस्थेत ठेवण्यापेक्षा खालच्या खोलीत नेऊन ठेवा. कूलरसमोर बसून काम करायला हरकत नाही. मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी असते की कूलरचा ओलावा लॅपटॉपला काही करत नाही. फक्त खस नवी असताना किंवा पंप जोरात असताना जे तुषार उडतात त्या टप्प्यात मशीन ठेवू नका. गादीवर आणि उशीवर तर मुळीच नको, खालची जाळी बंद होते आणि पंखा नुसता कोकलत राहतो. मागची बाजू पुस्तकाने थोडी उचलली तरी फरक पडतो. आणि उन्हात उभ्या कारमध्ये किंवा स्कूटरच्या डिक्कीत लॅपटॉप ठेवून बाजारात जाणाऱ्यांना मी काही सांगत नाही, त्यांना बॅटरी बदलायचीच असते.

दुसरं काम सेटिंगचं. चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आता बहुतेक कंपन्या देतात, नावं वेगवेगळी आहेत. लेनोवोमध्ये व्हँटेज अ‍ॅपमध्ये ‘कॉन्झर्वेशन मोड’, एसूसमध्ये मायएसूसमध्ये बॅटरी केअर, डेलमध्ये ‘प्रायमरिली एसी यूज’ किंवा स्वतः आकडा ठरवायची सोय, एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये बायोसमध्ये (म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘बॅटरी हेल्थ मॅनेजर’. मॅक स्वतःच तुमची सवय ओळखून चार्ज अडवून धरतो. लिनक्स वापरत असाल तर टीएलपी नावाचा प्रोग्रॅम. तुम्ही लॅपटॉप कोणत्या कंपनीचा ते लिहिलं नाहीत, पण ऑफिसने दिलेला असेल तर बायोसला पासवर्ड असण्याची शक्यता आहे. मग तुमच्या आयटीवाल्याला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे, तो टाळाटाळ करेल पण करेल.

ही सोयच नसेल तर? तर शंभरवर राहू दे आणि फक्त उष्णतेकडे बघा. दर दोन तासांनी चार्जर काढ-घाल करण्याचा उद्योग करू नका. त्याने फेऱ्या वाढतात, डोकं खर्च होतं आणि एखाद्या दिवशी मीटिंगच्या मध्येच मशीन बंद पडतं.

दुकानदाराचा सल्ला खोटा नाही, जुना आहे. निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना अर्धवट चार्जची ‘सवय’ लागायची, म्हणून त्या अधूनमधून पूर्ण उतरवाव्या लागत. लिथियम-आयन बाजारात आली १९९१ मध्ये, सोनीने आणली, आणि तिला तो रोग नाही. उलट रोज शून्यापर्यंत उतरवणं तिच्यासाठी सगळ्यात महाग पडतं, कारण प्रत्येक वेळी एक पूर्ण फेरी जमा होते. सर्वसाधारण लॅपटॉप बॅटरी अशा ३०० ते ५०० फेऱ्यांत ८० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे दुकानदाराचं ऐकलं तर दीड वर्षात त्याच्याकडेच यावं लागेल. पूर्ण उतरवण्याचा एकच उपयोग उरलाय: टक्केवारी चुकीची दाखवत असेल, २५ वरून एकदम बंद पडत असेल, तर एकदा उतरवून पूर्ण भरल्याने मोजमाप ताळ्यावर येऊ शकतं. बॅटरी सुधारत नाही, आकडा सुधारतो.

बॅटरी काढून ठेवायची कल्पना काढता येणाऱ्या बॅटऱ्यांच्या काळातली. आता ती स्क्रूच्या आत असते. आणि काढता येत असती तरी मी नको म्हटलं असतं, कारण आपल्याकडे संध्याकाळी वादळ सुटलं की लाईन जाते. तेव्हा बॅटरी हाच तुमचा यूपीएस. शिवाय काही मॉडेल बॅटरी नसली की प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी करतात.

विजेबद्दल बाकी फार काळजी नको. अ‍ॅडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे थोड्या कमी-जास्त व्होल्टेजने त्याला काही होत नाही आणि स्टॅबिलायझरची गरज नाही. इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावण्यापेक्षा राउटर लावा. लॅपटॉपकडे स्वतःची बॅटरी आहे, राउटरकडे नाही. धोका आहे तो अवकाळीच्या कडकडाटाचा. तेव्हा बटण बंद करून भागत नाही, पिन बाहेर काढा आणि लॅनची तारही काढा. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बॅटरीला दोष देऊ नका, सॉकेटची अर्थिंग तपासून घ्या; महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. आणि अ‍ॅडॅप्टर बदलायची वेळ आली तर वॉट बघून घ्या. ६५ वॉटच्या जागी ४५ चा लावला की जड काम करताना चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते, आणि लोकांना वाटतं बॅटरी गेली.

आता तुमच्या बॅटरीबद्दल. तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांपूर्वी पाच तास चालायची, आणि विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) ५०,००० आणि फुल चार्ज कपॅसिटी (आत्ता पूर्ण भरल्यावरची) ३६,००० मिलीवॉट-तास दिसते. म्हणजे ७२ टक्के. तीन नागपुरी उन्हाळे काढलेल्या बॅटरीला हे वाईट नाही. शंभरवर साडेतीन तास, ८० च्या मर्यादेवर पावणेतीनच्या पुढे, ६० वर दोन तासांच्या थोडं वर. तुमच्या भागात लाईन एवढा वेळ जात नसेल तर ६० ठेवा, नाहीतर ८०. गावाला किंवा पुण्याला जायचं असेल त्याच्या आदल्या रात्री मर्यादा काढून शंभर करा, एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही.

आत्ता नवी बॅटरी घेऊ नका. अर्ध्या तासाच्या खाली आली, किंवा मशीन अचानक बंद पडायला लागली, की मग बघा. तेव्हाही अस्सल भाग मिळत असेल तर तोच घ्या, आणि बनवल्याची तारीख वाचा. दुकानात दोन वर्षं तापत पडलेली ‘नवी’ बॅटरी नवी नसते.

एका गोष्टीत मात्र थांबू नका. टचपॅड वर उचललेला दिसला, त्याचं क्लिक जड झालं किंवा लॅपटॉप टेबलावर डगमगायला लागला, तर बॅटरी फुगली आहे. लगेच बंद करा, चार्जरला लावू नका, दाबून बसवायचा किंवा टोचून हवा काढायचा प्रयत्न करू नका, थेट सर्व्हिस सेंटरला न्या. तिथेच ती जमाही करा. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे, त्यामुळे भंगारवाल्याच्या पोत्यात किंवा महापालिकेच्या कचरागाडीत ती टाकायचं काही कारण नाही.