आडनाव म्हणजे माणूस नव्हे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. ज्याचे चरित्र तू जुळवतो आहेस तो १८७०च्या दशकातला अमेरिकन बेसबॉलपटू एकाच शहराच्या जनगणनेत तीन घरी सापडतो, आणि त्यांतला कोणता धरावा असे तू विचारतोस. कोणताही धरू नकोस! त्या काळची वर्तमानपत्रे सामन्याच्या तक्त्यात बहुधा नुसते आडनाव छापत, आणि आडनाव म्हणजे माणूस नव्हे.

विल्यम एडवर्ड व्हाइटचेच पाहा. २१ जून १८७९ रोजी नेहमीचा खेळाडू जो स्टार्ट जखमी होता म्हणून ब्राउन विद्यापीठाचा हा विद्यार्थी प्रॉव्हिडन्स ग्रेज संघाकडून क्लीव्हलंडविरुद्ध पहिल्या बेसवर उभा राहिला, आणि त्या एका सामन्यानंतर सव्वाशे वर्षे तो केवळ 'व्हाइट' म्हणून उरला. विद्यापीठाच्या कागदांतून जॉर्जियातले मिलनर हे जन्मगाव मिळाले, १८७०च्या जनगणनेत आई हॅनाजवळ राहणारा नऊ वर्षांचा मिश्रवर्णीय मुलगा मिळाला, आणि ए. जे. व्हाइट या गोऱ्या मालकाच्या मृत्युपत्रात हॅनाच्या मुलांची नावे निघाली, तेव्हा कुठे तो माणूस उभा राहिला. गुलामीत जन्मलेला हा मुलगा पुढे गोरा म्हणून जगला; शिकागोतल्या नंतरच्या नोंदींवरच कोणी विसंबले असते, तर ज्याला पहिला मानत त्या १८८४च्या मोझेस फ्लीटवुड वॉकरआधी कोणी कृष्णवर्णीय खेळाडू प्रमुख लीगमध्ये खेळला असेल, ही शंकाही आली नसती.

१८९०ची जनगणना १९२१च्या आगीपायी जवळजवळ सगळी गेली, हे मला सांगू नकोस. १८८० ते १९०० या त्याच वीस वर्षांच्या खिंडारात मीही पडलो होतो. घाईने एका खेळाडूला भलत्याच माणसाचा मृत्यू जोडला. त्या माणसाच्या पणतीने मोठ्या आनंदाने घरातले छायाचित्र पाठवले. चूक उमगल्यावर मी दुरुस्ती लगेच छापली, पण तिला कळवायला आठ महिने लावले. त्यानंतर एक चरित्र मी अकरा वर्षे अडवून ठेवले, कारण मृत्यूच्या दाखल्यावरचा माणूस आणि मैदानावरचा माणूस एकच, असे दुसरा कोणताही कागद म्हणत नव्हता. सहकाऱ्यांनी मला आडमुठा म्हटले. म्हणोत बापडे, ते चरित्र आजही अपुरे आहे, पण त्यात खोटा माणूस नाही.

तुझ्या तिघांपैकी एक सुतार आहे, असे तू ओझरते लिहिलेस आणि पुढे गेलास. तिथेच थांबायला हवे होते. शहराच्या वार्षिक निर्देशिका घरपत्ता आणि व्यवसाय देतात, क्वचित 'चेंडूखेळाडू' असाही. १८७१पासूनच्या सगळ्या ओळीने काढ, तिघांचेही पत्ते वर्षागणिक लिहून मला पाठव, आणि तोवर नावाची जागा कोरी ठेव.