रुपयाचं नाणं आक्रसेल का?

प्रश्न: व्हिडिओत एका अमेरिकन माणसाने तांब्याच्या कॉइलमध्ये पाव डॉलरचं नाणं ठेवलं, धाडकन आवाज झाला आणि नाणं चक्क लहान झालं! माझ्याकडे भंगारातल्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) आहे. रुपयावर करून बघू का?
– डिप्लोमा, दुसरं वर्ष, मिरज

उत्तर: नको रे. आधी ते होतं कसं ते सांगतो, मग नको का ते.

कॉइलचे आठ-दहा वेढे, त्यात मोठा कपॅसिटर एकदम रिकामा करायचा, की काही मायक्रोसेकंदांत हजारो अँपिअर वाहतात, नाण्यात उलट दिशेचा एडी करंट (बदलत्या चुंबकीय फील्डमुळे धातूत गोल फिरणारा प्रवाह) तयार होतो आणि कॉइल व नाणं एकमेकांना ढकलतात. चुंबकीय फील्ड १० टेस्ला (फील्डचं एकक) असेल तर हा दाब जवळपास ४०० वातावरणांइतका, आणि तो फील्डच्या वर्गाच्या पटीत वाढतो. नाणं आत दबतं, जाड होतं, वजन मात्र तेच ५.६७ ग्रॅम. कॉइल बाहेर फेकली जाते, म्हंजे तिच्या चिंधड्या उडतात, तांब्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात. म्हणून ते लोक जाड कवचाच्या पेटीत, लांबून करतात.

आता तुझा हिशोब. ऊर्जा म्हंजे अर्धा गुणिले सी (कपॅसिटरची क्षमता) गुणिले व्होल्टेजचा वर्ग. १ मायक्रोफॅरड, २१०० व्होल्ट, येतात २.२ ज्यूल. नाण्याला लागतात काही हजार. म्हणजे नाणं हलणार पण नाही, पण तो ट्रान्सफॉर्मर जीव घेईल, त्याच्या २००० व्होल्टला हात लागला तर माणूस सुटत नाही. आणि मोठे कपॅसिटर मिळाले तरी एकदा शॉर्ट करून रिकामा झाला असं समजू नकोस, डायइलेक्ट्रिकमध्ये (आतल्या इन्सुलेटरच्या थरात) अडकलेला चार्ज थोड्या वेळाने परत टर्मिनलवर येतो, अनुभवी माणसंही इथेच फसतात.

शिवाय आपला रुपया स्टेनलेस स्टीलचा, त्याचा रोध तांब्याच्या कितीतरी पट, एडी करंट नीट तयारच होत नाही. आणि २०११ च्या नाणे कायद्यात नाणं वितळवणं, नष्ट करणं गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद.

खरंच एडी करंट बघायचाय तर तांब्याच्या पाइपात निओडिमियम मॅग्नेट सोड, तरंगत तरंगत उतरतो. मग तेवढाच, मॅग्नेट न चिकटणारा स्टीलचा पाइप घे आणि दोन्हीत उतरायला लागणारा वेळ मोबाइलवर मोज. रुपया का आक्रसणार नाही ते तुला तिथेच दिसेल.